कॅमेऱ्याची मान

आमच्या स्टुडिओत 'हो' म्हणायचं असलं की कॅमेऱ्याचं तोंड वर-खाली करायचं आणि 'नाही' म्हणायचं असलं की डावी-उजवीकडे. हे ज्यांनी शिकवलं त्या जहागीरदार सरांचा मला अजून राग येतो, पण शिकवलं ते बरोबर होतं. रेकॉर्डिंग चालू असताना कॅमेऱ्यामागच्या माणसानं ब्र काढायचा नाही, नाहीतर समोर बसलेल्यांच्या माइकमध्ये आवाज शिरतो. दिग्दर्शक काचेपलीकडच्या कंट्रोल रूममध्ये बसायचा. त्याच्यासमोर तीन छोटे टीव्ही, एकेका कॅमेऱ्याचा एकेक, आणि पुढ्यात बटणांचं पॅनेल. ज्या कॅमेऱ्याचं बटण दाबेल त्याचं चित्र टेपवर जायचं आणि त्या कॅमेऱ्यावर लाल दिवा लागायचा. त्याचा आवाज आमच्या हेडफोनमध्ये यायचा. आमचा आवाज त्याच्याकडे जायचा नाही. 'तीन नंबर, तयार?' असं त्यानं विचारलं की तीन नंबरवाल्यानं कॅमेऱ्याची मान हलवायची, मग त्याच्या टीव्हीवरचं चित्र तसंच हलायचं आणि त्याला कळायचं. सरांचा नियम होता की 'नाही' फक्त यंत्र अडलं तरच म्हणायचं. वायर अडकली, चाक फिरेना, फोकस येईना. "तुमची मर्जी हे कारण नाही," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. तीन नंबर मी होते, आणि ते सबंध वर्ष मी कानात अपमान ऐकत कॅमेऱ्याची मान वर-खाली हलवत राहिले.

मी राहत होते मामाकडे. आमचं गाव सांगोल्याच्या बाजूचं, कोरडं. घरी मेंढरं. मेंढरांबद्दल फार प्रेमानं बोलणारी माणसं मला आजवर खूप भेटली, त्यातल्या एकानंही ती राखली नव्हती. मला बारावीनंतर त्यांच्यामागं जायचं नव्हतं. सोलापुरात टीव्हीचं शिकवणारा एक वर्षाचा कोर्स निघालाय असं मामानंच कुठून तरी ऐकून सांगितलं आणि आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शब्द दिला. पास झाली तर पुण्याला कामाला लावून देतो, नापास झाली तर माझा मी आणून सोडतो. आबा म्हणाले, "मग सुगीच्या आत आणून सोड." त्यांनी निकाल आधीच लावून ठेवला होता.

मामा एका शाळेत क्लार्क होता. अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक. कुणाशी कधी भांडला नाही, रिक्षावाल्याशीसुद्धा. सगळी गल्ली त्याला देवमाणूस म्हणायची आणि मामीला कजाग. मामी अक्कलकोटाकडची, माहेरी कानडी बोलणारी. घरात ती मराठीत बोलायची, पण संताप आला की कानडीत शिरायची आणि शेवटी 'साकु' म्हणून थांबायची. साकु म्हणजे पुरे. तो शब्द आला की मामासुद्धा पेपर खाली ठेवायचा. मामी कडक भाकरी करून दुकानांना द्यायची. पहाटेपासून परातीवर थाप पडायची ती दुपारपर्यंत. ज्वारीची भाकरी, कागदासारखी पातळ, तव्यावरून उतरली की निखाऱ्याकडेला उभी करून कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची आणि पाटीत रचायची. तुटलेल्या भाकरी आमच्या वाटणीला. दूध-गूळ घालून, आमटीत कुस्करून, शेंगाचटणी आणि तेल लावून, मी त्या वर्षात तुटलेली भाकरी सोडून अख्खी भाकरी खाल्ल्याचं मला आठवत नाही. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशीच तिनं मला सांगितलं, "हे बघ पारू, खायला घालीन, पर लाड न्हाय करायची. टीव्हीत काय शिकायचं असतंय गं? बटन दाबायचं की."

भिंतीपलीकडे यंत्रमाग होते. दिवसभर खडखड चालायची, ती इतकी की सुट्टीच्या दिवशी माग बंद झाले की आम्ही आपोआप मोठ्यानं बोलतोय हे आम्हालाच ऐकू यायचं. त्या बाजूची खिडकी मामाकडे कायम बंद असायची. सोलापूरच्या चैत्रात खिडकी बंद ठेवणं म्हणजे काय, ते सोलापूरकराला सांगायला नको. पण मागवाल्यांच्या थोरल्या मुलाबरोबर मामाची मुलगी, माझी मामेबहीण, निघून गेली होती. त्यांनी भिवंडीकडे कुठं तरी लग्न केलं. ते तेलुगू, विणकर, आम्ही धनगर. ती गेली त्या संध्याकाळी मामा त्याच्या त्या बारीक आवाजात म्हणाला होता, "ह्या घरात तिचं नाव निघणार नाही." ओरडला नाही, रडला नाही. भिंतीवरचा तिचा फोटो काढला, खिळा तेवढा राहिला. तेव्हापासून नाव निघालं नव्हतं. मी तिच्याच खाटेवर झोपायची, तिचीच आरशाची फळी वापरायची, आणि तिचं नाव घ्यायची नाही. शब्द मामाचा असला तरी मला वाटायचं, ही बंदी मूळची मामीची. कजाग तीच होती ना.

आता कोर्सचं सांगते. एका जुन्या गोडाऊनला आतून काळे पडदे लावून स्टुडिओ केला होता. दिवे लागले की भट्टी व्हायची, आणि एसी कंट्रोल रूममध्येच होता, यंत्रांसाठी. जहागीरदार सर मुंबईला काही वर्षं काम करून आले होते आणि सोलापूर ही आपल्याला झालेली शिक्षा आहे असं त्यांच्या तोंडावर कायम लिहिलेलं असायचं. त्यांनी पहिल्या आठवड्यात कामं वाटली. मुलींना मेकअप, निवेदन आणि स्क्रिप्ट. मी उठून म्हटलं, मला कॅमेरा पाहिजे. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "पेलवेल का?" मी म्हटलं, "सर, मी मेंढ्या उचलून टेम्पोत टाकलेल्या आहेत." वर्ग हसला. मला वाटलं, बरं उत्तर दिलं. पुढं वर्षभर त्या उत्तराची किंमत मी मोजली. सरांनी मला तीन नंबर दिला. त्याच्या स्टँडचं एक चाक मनात येईल तेव्हा अडायचं, म्हणून तो कुणालाच नको होता.

दिग्दर्शकाची खुर्ची पाळीपाळीनं सगळ्यांना मिळणार होती. ती पाळी अनिकेतपाशी आली आणि तिथंच बसली. अनिकेत एका नावाजलेल्या डॉक्टरांचा मुलगा. सर रविवारी त्यांच्याकडे जेवायला असायचे. अनिकेतचा हात पॅनेलवर चांगला चालायचा, हे खोटं कशाला सांगू? पण त्याची जीभ त्याहून चांगली चालायची. हेडफोनची लाइन सगळ्यांची एकच, त्यामुळे एकाला बोललेलं सगळ्यांना ऐकू यायचं. "तीन नंबर, मेंढी पळाली बघ फ्रेममधनं, धर तिला." "तीन नंबर, हात आहे का काठी?" "कुणीतरी तीन नंबरचा हेडफोन धुवा रे, लसणाचा वास येतोय." माझ्या डब्यात चटणी-भाकरी असायची, आणि वास यायचाही. दोन नंबरवर इम्रान होता. त्याचे खांदे हसून हलायचे ते मला अंधारात दिसायचे, म्हणून माझा त्याच्याशीही उभा दावा. त्याची वायर माझ्या वायरीवरून जायची यावरून आम्ही रोज भांडायचो. "तेरी वायर उठा ना पयले," तो म्हणायचा. "तुझी तू उचल," मी म्हणायची. अख्खं वर्ष त्या वायरी एकमेकींवरून गेल्या.

मी उलटून बोलले नाही असं नाही. रेकॉर्डिंग संपलं की मी कंट्रोल रूमच्या दारात जाऊन अनिकेतला जे सुनवायची ते इथं छापण्यासारखं नाही. तो खुर्चीत मागं रेलून सरांकडे बघायचा आणि सर म्हणायचे, "या धंद्यात कातडी जाड लागते." कातडी फक्त माझीच जाड व्हायची होती, त्याची नव्हे. हल्लीच्या पोरांना मी हे सांगते तेव्हा ती म्हणतात, आजी, तक्रार करायची ना. कुणाकडे? तक्रार घेणारे आणि हसणारे तेच होते.

शेवटची परीक्षा म्हणजे अर्ध्या तासाचा एकच कार्यक्रम, सगळ्यांनी मिळून करायचा, ज्याला त्याला त्याच्या कामाचे मार्क. पुण्याहून बाहेरचे परीक्षक येणार होते. बाहेरच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही ठेवून पालकांना आणि पाहुण्यांना तो तिथल्या तिथं दाखवणार होते. सरांनी विषय काढला, घरातून धंदा चालवणाऱ्या बायका. शिल्पा निवेदिका होती. ती आमच्या पलीकडच्याच गल्लीत राहायची. ती लगेच म्हणाली, "पारूची मामी आहे ना, कडक भाकरीवाली. स्टुडिओत चूल मांडू, मस्त दिसेल." सरांनी मला फर्मान काढलं की मामीला आण.

मामीला विचारायला मी दोन दिवस घाबरत होते. विचारल्यावर तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, उलटली, उतरवली, आणि मग म्हणाली, "मला तितं बसवून हसायचं असंल तुमाला." मी म्हटलं, परीक्षा आहे, हसलो तर आम्हीच नापास होऊ. संध्याकाळी पाटी बांधता बांधता म्हणाली, "येते. पर भाकरीचं विचारायचं. पीठ कसं, ताव कसा, काय बी विचारा. माझ्या घरातलं एक अक्षर न्हाय. तसं कबूल असंल तर येते, न्हायतर बेड." बेड म्हणजे नको. मी तसंच्या तसं अनिकेतला आणि शिल्पाला जाऊन सांगितलं. घरातलं एक अक्षर नाही. दोघं माझ्या तोंडाकडे बघत 'हो' म्हणाले. शिल्पानं तर माझा हात हातात घेतला.

परीक्षेच्या दिवशी मामी हिरव्या इरकलीत आली. डोक्यावरून पदर, कपाळाला मोठं कुंकू, काखेत घरची परात, पिशवीत घरचा तवा. "स्टुडिओतल्या तव्यावर माझी भाकरी उतरायची न्हाय," म्हणाली. मधोमध टेबल मांडून त्यावर गॅसची शेगडी ठेवली होती. मामी उभ्यानं भाकरी कधी थापत नसे, पण सरांनी बसून चालणार नाही म्हटल्यावर तिनं दोनदा थापून बघितलं आणि मान डोलावली. तिच्या पदराला माइकची चिमटी लावली. एक नंबरला दत्ता होता, तो सगळा देखावा दाखवणार. दोन नंबर इम्रानकडे शिल्पा आणि लागेल तेव्हा मामी. माझ्याकडे मामीचे हात आणि चेहरा. बाजूला जमिनीवर एक टीव्ही होता, टेपवर काय जातंय ते स्टुडिओतल्यांना दिसावं म्हणून. मामीनं त्यात स्वतःला बघितलं आणि पदर सारखा केला. ती खूश होती. मी वर्षभरात तिला खूश बघितलं नव्हतं, त्यामुळे ओळखायला मला वेळ लागला.

पंधरा-वीस मिनिटं इतकं चांगलं चाललं की मी अनिकेतला मनातल्या मनात थोडं माफ करायला निघाले होते. मामी बोलत होती. पीठ कोमट पाण्यात का मळायचं, थापताना अंगठा कुठं ठेवायचा, कोरडी भाकरी किती दिवस टिकते. शिल्पाला थापायला लावलं, तिची फाटली, मामी म्हणाली, "तुज्या सासूचं कठीण हाय बघ," आणि बाहेरच्या हॉलमधलं हसू भिंतीतून आत आलं. परीक्षक पण हसत होते, काचेतून दिसत होते. मग हेडफोनमध्ये अनिकेत म्हणाला, "छान. पण सपाट चाललंय. शिल्पा, आता तो प्रश्न विचार."

शिल्पाच्या कानातही त्याचा आवाज जायचा. तिनं हातातलं पीठ झाडलं, गळा मऊ केला आणि म्हणाली, "मावशी, एवढं सगळं एकट्या करता. आज मुलगी घरात असती तर मदत झाली असती, नाही? तिची आठवण येते?"

मामीचे हात थांबले. तव्यावर भाकरी होती. लाल दिवा माझ्या कॅमेऱ्यावर होता, म्हणजे हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर त्या क्षणी मामीचाच चेहरा होता आणि तिला बघायला म्हणून आलेली निम्मी गल्ली तो बघत होती. हेडफोनमध्ये अनिकेत अगदी हळू, कुजबुजल्यासारखा बोलायला लागला. वर्षभरात तो माझ्याशी इतक्या गोड आवाजात कधी बोलला नव्हता. "तीन नंबर, आत जा. हळूहळू आत जा. डोळे. पाणी येतंय बघ, सोडू नकोस. चल, आत."

झूमच्या दांडीवर माझा अंगठा होता. मामीवर माझं प्रेम होतं म्हणून मी तसं वागले असं म्हणायला मला आवडलं असतं, पण नव्हतं. तुटक्या भाकरी घालणाऱ्या, दिवसाला दहा टोमणे मारणाऱ्या त्या बाईवर कसलं प्रेम? मला राग आला होता. तिनं घातलेली अट मी माझ्या तोंडानं नेऊन पोचवली होती, माझ्या तोंडावर 'हो' म्हणून त्यांनी ती पायाखाली घातली होती, आणि आता त्यांचं काम ते माझ्या हातानं करून घेणार होते. मी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि कॅमेऱ्याची मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.

हॉलमधल्या टीव्हीवर मामीचा चेहरा या टोकाकडून त्या टोकाला गेला आणि आला. अनिकेत हेडफोनमध्ये ओरडला. "काय झालं? चाक अडकलं? तीन नंबर, आत जा!" मी पुन्हा हलवली. "अरे दिवा तुझ्यावर आहे, मूर्ख! दोन, तू घे, मामी घे, डोळे घे." मी वळून बघितलं. इम्राननं कॅमेरा मामीकडे वळवला. मनात म्हटलं, हा घेणार. त्यानं मामी फ्रेममध्ये घेतली, अनिकेतनं दोनचं बटण दाबलं, लाल दिवा माझ्यावरून त्याच्यावर गेला, आणि इम्राननं कॅमेऱ्याची मान डावी-उजवीकडे हलवली. सावकाश, नीट, कुणाची शंका राहू नये अशी.

मग अनिकेतपाशी फक्त दत्ताचा सगळा देखावा उरला. त्यात टेबल, शेगडी, लांबवर उभ्या दोन बायका आणि तव्यातून निघणारा धूर. मामीनं खाली ठेवलेल्या टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग तव्याकडे. तिनं काळी झालेली भाकरी बोटांनी उचलून टेबलावर टाकली, शेगडी बंद केली आणि शिल्पाला म्हणाली, "साकु." परात काखेला मारून ती चालायला लागली. माइकची वायर ताणली गेली, पदर ओढला गेला. तिनं थांबून चिमटी काढली, हात लांब करून शिल्पाच्या तळहातावर ठेवली आणि काळा पडदा सारून निघून गेली. तवा तसाच राहिला.

मला आणि इम्रानला कंट्रोल रूममध्ये बोलावलं. तिथं गारवा होता, ते मला पहिल्यांदा कळलं. सर ओरडत होते. "दिग्दर्शकाचा शब्द शेवटचा. कॅमेऱ्यामागच्या माणसाला मत नसतं. किती वेळा सांगितलंय?" अनिकेत रडायच्या बेतात होता, आणि मला त्याचा आनंद झाला, अजूनही होतो. परीक्षक मात्र शांत होते. पोक्त गृहस्थ, मध्येच चष्मा पुसणारे. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या स्टँडचं एक चाक अडतं असं मघाशी मला कुणीतरी म्हणालं. तसंच झालं ना?"

सगळ्या खोलीला कळलं की ते मला काय देतायत. एक 'हो' म्हटलं की चाक दोषी, मी पास, पुणे. पण उत्तरासाठी त्यांनी आधी इम्रानकडे बघितलं. इम्रान खाली बघून म्हणाला, "हौ सर. मेरा बी चाक अटक्या था." त्याच्या कॅमेऱ्याच्या चाकाला काही झालेलं नव्हतं, आणि मान हलवायला चाकाचा काही संबंधही नसतो. परीक्षकांनी मान डोलावली आणि लिहिलं. इम्रानवर मला तेव्हा चीड आली. आज येत नाही. त्याच्या घरी त्याच्या पास होण्यावर कोण कोण अवलंबून होतं ते मला नंतर कळलं, आणि जेव्हा हलवायची तेव्हा त्यानं हलवली होती.

मग ते माझ्याकडे वळले. मला गाव दिसलं, कळपाची धूळ दिसली, आबा दिसले. पण 'हो' म्हटलं असतं तर मी जे केलं ते मी केलंच नव्हतं, चाकानं केलं, असं झालं असतं. वर्षभरात त्या स्टुडिओत मी माझं म्हणून एकच वाक्य बोलले होते, तेही तोंडानं नाही, आणि ते मी चाकाला द्यायला तयार नव्हते. मी म्हटलं, "चाक चांगलं होतं सर. मला जायचं नव्हतं आत." सर म्हणाले, "ऐकलंत?" परीक्षकांनी चष्मा घातला आणि म्हणाले, "मग माझा इलाज नाही बाई." मला वाटतं त्यांना खरंच वाईट वाटलं. वाईट वाटून त्यांनी मला नापास केलं. अनिकेत पास झाला. आता तो मुंबईत मोठ्या हुद्द्यावर असतो आणि दर दिवाळीला मला मोबाइलवर पणतीचं चित्र पाठवतो. मी उत्तर देत नाही. क्षमा करावी असं वय झालंय म्हणतात. माझं झालेलं नाही.

मी तवा गार करून, स्टुडिओच्या काळ्या कापडात गुंडाळून घरी आणला. मामी स्वयंपाकाला लागली होती. तिनं तवा घेतला, उलटा करून बघितला आणि चुलीवर ठेवला. मामा शाळेतून आला, आम्ही जेवायला बसलो. भात, आमटी, तुटलेली भाकरी. मामानं विचारलं, "निकाल?" मी म्हटलं, "नापास." तो बराच वेळ आमटी ढवळत राहिला. मग त्याच्या त्या देवमाणसाच्या आवाजात म्हणाला, "ठीक आहे. शब्द दिलाय मी भाऊजींना. रविवारी सोडून येतो."

"कशात नापास?" मामीनं विचारलं.

"कॅमेरा हलला."

"हलला का हलवलास? मी बघितलं की. माझं तोंड हिकडनं तिकडं चाललं हुतं."

मग मी सांगितलं. कॅमेऱ्याची मान, हो म्हणजे काय, नाही म्हणजे काय, अनिकेतनं कानात काय सांगितलं, चाकाचं काय झालं. मामी ऐकत होती, घास हातात तसाच. सगळं सांगून झाल्यावर ती कडाडली, "आणि न्हाय म्हणायला तोंड न्हाय व्हय तुला? डबा कशाला हलवायचा?"

"तिथं बोलायची बंदी असते, मामी."

ती हसली. चांगलं हसू नव्हतं ते. "तितं बी हाय व्हय," ती म्हणाली, आणि मामाकडे बघायला लागली. मामा ताटात बघत होता. "लई जागी बंदी हाय. त्या पोरीनं मला विचारलं, आठवण येते का. हजार माणसांत विचारलं. काय सांगायचं हुतं मी? नाव न घेता कसं सांगतात?" मामा म्हणाला, "जेव आता." मामीनं हातातला घास ताटात ठेवला.

"ही पोरगी कुटं बी जाणार न्हाय," ती म्हणाली. "माज्या घरात राहील, पुन्यांदा परीक्षा दील. आणि पारू, आता तू तिचं नाव घे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी मामाकडे बघितलं. मामीनं ताटावर बोट आपटलं. "तिकडं काय बघायलीस? हितं कॅमेरा न्हाय. तोंडानं घे."

मी घेतलं. "महानंदा." माझाच आवाज मला ओळखू आला नाही. त्या घरात मी तो शब्द पहिल्यांदा काढत होते.

"मोठ्यानं. माग चालू हायत, ह्यांना ऐकू गेलं नसंल."

"महानंदा."

"ऐकू आलं," मामा म्हणाला.

"मग आता तुमी म्हणा."

मामा उठायला लागला. मामीनं त्याच्या ताटाच्या कडेवर हात ठेवला आणि तो बसला. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती, कानडीतही गेली नाही. नुसती बसून राहिली आणि आम्हालाही उठू दिलं नाही. आमटीवर साय धरली, माझा हात वाळून कडक झाला. मामाला फार वेळ लागला. पण म्हणाला.